एका होडीला दोन वारे

मी समुद्र पाहिलेला नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे मधेच उठून कुणी विचारायला नको. नदी पाहिली आहे, आमची तेरणा, आणि तीही बऱ्याच वर्षी नुसती वाळू. तरीपण ह्या हातांनी धाराशिव जिल्ह्यात जितक्या शिडाच्या होड्या सोडल्या, तितक्या कोकणातल्या एखाद्या बंदरानंसुद्धा सोडल्या नसतील. सगळ्या भिंतीवर. एकही बुडाली नाही. काही चुन्याखाली गेल्या, ते वेगळं.

अंक काढणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुमच्या धंद्याचं लिहून द्या."

मी म्हणालो, "मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. आजवर मोठ्यात मोठं लिहिलं ते 'येथे कचरा टाकू नये'."

"ते वाचून कुणी ऐकलं का?"

"न्हाय."

"मग हेबी कुणी मनावर घेणार न्हाय. बिनधास्त लिवा."

अशी खात्री मिळाल्यावर माणसाला धीर येतो.

धंदा पेंटरचा. दुकानाच्या पाट्या, लग्नघराच्या भिंतीवर 'शुभ विवाह', नवरीच्या पेटीवर मोर, ट्रकच्या मागं 'बघतोस काय', निवडणुकीत ज्याचा रंग घरी येईल त्याचं चिन्ह. पण माझं नाव झालं ते शिनरीनं. शिनरी म्हणजे बैठकीच्या भिंतीवरचा मोठा देखावा. हल्ली तिथं टीव्ही टांगतात. आमच्या वेळी तिथं दोन डोंगर, मधी सूर्य, खाली पाणी, पाण्यात शिडाची होडी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड, एवढं लागायचं. आता तेर, बेंबळी, वाशी ह्या भागात नारळ लोकांनी पाहिलेला तो देवाला फोडायचा. पण शिनरीत नारळाचं झाड नसलं तर घरधनी म्हणायचा, "पेंटर, काम अर्धं ठिवलं व्हय?"

लोक विचारतात, दुष्काळी मुलखात होडीच का? अहो, दुष्काळी मुलूख आहे म्हणूनच. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो भिंतीवर वाघ काढून घेतो. ज्याची विहीर आटली तो होडी मागतो. हा माझ्या जन्मभराच्या धंद्याचा अनुभव आहे, पटला तर घ्या.

होडी काढायला मी शिकलो धाराशिवच्या एका उस्तादांकडं. त्यांच्याकडं पिवळ्या जाड कागदावर डोंगर, सूर्य आणि होडीची आकृती सुईनं टोचून काढलेली होती, नुसती भोकंच भोकं. त्याला ते खाका म्हणायचे. कागद भिंतीला लावायचा, कोळशाची पूड फडक्यात बांधून वरनं थापायची, भोकातून पूड भिंतीवर उतरते, कागद काढला की ठिपक्यांची होडी तयार. मग ठिपके जोडायचे. ह्यात कला किती आणि थापणं किती, तुम्हीच ठरवा. उस्ताद म्हातारे झाले तेव्हा त्यांनी खाका मला दिला. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सीधी बाजू'. मी ते देवाची आज्ञा समजून जन्मभर पाळलं. त्यामुळं माझी प्रत्येक होडी तशीच्या तशी. तोंड उजवीकडं सूर्याकडं, शीड उजवीकडं फुगलेलं, झोपडी डाव्या काठावर पाठीमागं राहिलेली. सगळ्या होड्या निघालेल्याच. पोचलेली एक नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. म्हणाला, "माज्या टँकरच्या मागं होडी काढ."

मी म्हणालो, "येड्या, टँकरवर कुठं होडी असती व्हय?"

"मग कुठं काढतूस? ज्यांच्याकडं टिपूस न्हाय त्यांच्या भिंतीवर? ह्या तालुक्यात पाणी फकस्त माज्याकडं हाय."

बिनतोड बोलला. काढून दिली. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या बाया टँकर दिसला की ओरडायच्या, "होडी आली गं, घागरी आना!" माझ्या चित्राची एवढी वाट कुणी कधी पाहिली नाही. पाहिली ती पाण्याची, हे कळतं मला. पण आपण आपलं समजून घ्यायचं.

दुसरा वाशीचा हॉटेलवाला. भज्यांच्या कढईमागची भिंत रंगवून घेतली आणि मग कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "पेंटर, हुडीत माणूस का न्हाय?"

खरं कारण असं की मला माणूस काढता येत नाही. एकदा काढला होता, तर लोक म्हणाले ज्वारीचं पोतं झकास आलंय. पण गिऱ्हाइकाला असं सांगत नसतात. मी म्हणालो, "माणूस आत निजलाय."

"निजलाय? मग हुडी माघारी कोन आननार?"

मी हसण्यावारी नेलं. भजी खाल्ली, घरी आलो.

आता गिरजाचं. गिरजा माझी बायको. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, आणि माझ्या चौथीला ती कधी भ्यालीही नाही. काम गावात असो नाहीतर जवळपासच्या वस्तीवर, दुपारी ती भाकरी घेऊन यायची, आणि लांबच्या गावी काम निघालं तर भाकरी बांधून बरोबरच यायची. माझी सवय अशी, की निशाण शेवटाला ठेवायचो. डोलकाठीच्या टोकावर एवढंसं निशाण, त्याशिवाय होडी बोडकी दिसते. पण तोवर पोटात आग पडलेली असायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी असाच निशाण न काढता हात धुवायला गेलो. येऊन बघतो तर बाईनं पदर खोचलाय, शिडीवर चढलीय आणि निशाण काढून मोकळी झालीय.

"अगं, काय केलंस?"

"तुमी जेवा. तुमचं पोट भरस्तवर माजं काम व्हतंय."

निशाण झकास होतं. माझ्या सगळ्या होडीत तेवढंच फडफडत होतं. तेव्हापासून ठरून गेलं. होडी माझी, निशाण तिचं. मी जेवायचो, ती निशाण काढायची. डब्यात जो रंग उरला असेल त्याचं निशाण. तांबडा उरला तर तांबडं, बांगडीवाल्याची पाटी करून जांभळा उरला तर जांभळं. निवडणुकीच्या दिवसांत लोक विचारायचे, "वहिनी, ही हुडी कुठल्या पक्षाची?" ती म्हणायची, "डब्याच्या बुडाची."

खाली उजव्या कोपऱ्यात मी नाव टाकायचो, 'भानू पेंटर, तेर'. एकदा म्हणालो, "तुजंबी नाव टाकू का?"

म्हणाली, "नगं. माजी सही वर हाय."

तिचं निशाण नेहमी मागं फडकायचं. म्हणजे होडीचं तोंड उजवीकडं, तर निशाण डावीकडं, झोपडीच्या बाजूला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आमच्या भागात कुणालाच दिसलं नाही. आम्ही बैलगाडीची माणसं. लहानपणी ती बापाच्या गाडीतनं येरमाळ्याच्या जत्रेला जायची, तेव्हा गाडीला लावलेलं निशाण मागं उडून पोरांच्या तोंडावर आपटायचं. ती म्हणायची, "निशान तोंडावर यायला पायजे, तवा कळतं गाडी पळतीय म्हनून." गाडी पळते तर निशाण मागं. मग होडी पळते तरी निशाण मागंच. ह्यात चुकायला जागाच कुठं आहे?

जागा होती. ती दाखवायला देवानं कोकणातून माणूस पाठवला.

आमच्या गावच्या शाळेत कोकणातले एक गुरुजी बदलून आले होते. त्यांचे म्हातारे वडील त्यांच्याजवळ राहायला आले. हे आजोबा जन्मभर शिडाच्या गलबतावर तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबताचा मालक नव्हे, चालक. सगळे खलाशी त्याचं ऐकणार. आता गलबतं गेली, गुडघे गेले आणि म्हातारा आला आमच्या तेरला, जिथं पाय भिजवायला पाणी नाही. शाळेच्या भिंतीवर मी शिनरी काढत होतो. ते रोज येऊन समोरच्या लिंबाखाली बसायचे आणि बघायचे. मला वाटलं, माझ्या कलेवर खूष आहेत. शेवटच्या दिवशी मी भाकरी खात बसलो, गिरजानं निशाण काढलं, आणि म्हातारा हसायला लागला. असा हसला की काठी पडली हातातली.

"रे पेंटरा, वारो खयसून येता?"

वारा कुठून येतो म्हणे! मी इकडंतिकडं बघितलं. वारा नव्हताच.

"हय न्हय रे, चित्रात! शीड फुगलां फुडे आणि निशाण फडफडता मागे. एका होडीक दोन वारे? ही होडी बंदरातसून भायर पडूची नाय."

मग त्यांनी काठीनं मातीत रेघा ओढून मला समजावलं. गाडी ओढतात बैल, म्हणून तिचं निशाण मागं राहतं. होडीला ओढतो वारा. ज्या वाऱ्यानं शीड पुढं फुगतं, त्याच वाऱ्यानं निशाणही पुढंच उडणार. दुसरा वारा आणणार कुठून? शिवाय म्हणाले, होडीचं बूड म्हणजे कलिंगडाची फोड झालीय, डोलकाठी विजेच्या खांबासारखी ठोकलीय, आणि शीड कशालाच बांधलेलं नाही, ते काय नवसानं उभं आहे का? खरं शीड तिरप्या काठीला लटकतं, त्याला दोर असतात. सगळं सांगताना म्हाताऱ्याचे हात असे हलत होते, की खरंच दोर ओढतोय.

माझे कान लाल झाले. इतकी वर्षं गावोगाव चुकीची होडी काढून बसलो होतो, आणि खाली नावगाव टाकून! मी ब्रश उचलला आणि निशाण पुसायला शिडीवर पाय ठेवला. तर गिरजा आडवी.

"निशानाला हात लावायचा न्हाय."

"अगं, उलटं हाय ते. आजोबा सांगत्यात."

"आजोबा सांगत्यात, वारा एकच पायजे. माजं निशान उलटं न्हाय, तुमची हुडी उलटी हाय. ती फिरवा."

"हुडी फिरती व्हय? खाक्याची सरळ बाजू एकच हाय."

"कागुद पलटी करून लावा की! त्यात काय बाबा?"

आता सांगा, कागदाला दोन बाजू असतात हे कळायला किती शाळा लागते? मला कळत नव्हतं असं नाही. पण उस्तादांनी 'सीधी बाजू' लिहिलेली, आणि बायको शिकवतेय, तेही परक्या माणसासमोर. मी म्हणालो, "न्हाय जमत तसं." आजोबा दोघांकडं आळीपाळीनं बघत होते.

ते म्हणाले, "बायो, ही होडी बुडतली हां."

गिरजा म्हणाली, "बुडाया पानी लागतंय आजोबा. तेवढं तुमी तिकडनं घिऊन या."

म्हातारा पुन्हा हसला, आणि निशाण तसंच राहिलं. पुढं गुरुजींनी मला एका पुस्तकात सातवाहनांच्या जुन्या नाण्याचं चित्र दाखवलं. दोन डोलकाठ्यांची होडी आहे त्याच्यावर. म्हणाले, आपल्या तेरचा माल त्या काळी लांबच्या बंदरांपर्यंत जायचा. मी आधी निशाण शोधलं. निशाण नाहीच. ठसा कोरणारा शहाणा होता, नाहीतर त्याची बायको भाकरी घेऊन येत नसावी.

त्यानंतर मी दोर काढायला लागलो, कलिंगडाची फोड जरा लांबट केली, शीड तिरप्या काठीला लटकवलं. पण शीड उजवीकडं आणि निशाण डावीकडं, हे शेवटपर्यंत तसंच. एका होडीला दोन वारे. आमचा संसारही तसाच चालला आणि बरा चालला, असं म्हणून मी पाहुण्यांत हशा मिळवायचो. ती आतून म्हणायची, "शीड कोन हाय ते सांगा की. नुसतंच फुगलेलं."

मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर एका घटकेत पाटी तयार, त्यात गिऱ्हाइकाचा गॉगल घातलेला फोटोसुद्धा. भिंतीला टाइल आल्या. माझे ब्रश कडक झाले आणि मीही.

गिरजा गेल्या उन्हाळ्यात गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. आधी पोटात दुखतंय म्हणायची, मग म्हणायची बंद झाली, तेव्हा मी घाबरलो. सोलापूरला नेली. परत आणली ती बोलली नाही.

माणूस गेल्यावर घरात त्याच्या हाताचं काय उरतं, ते मी बघत बसलो. लोणचं होतं, ते संपलं. ते मीच खाल्लं, दोष कुणाला देऊ? गोधडी लेक लातूरला घेऊन गेली. आधार कार्डावर फोटो आहे, पण त्यात ती कुणावर तरी रागावलेली दिसते, माझ्यावरच असणार. आमच्या घराच्या भिंतीवर होडी नाही. पेंटरच्या घरची भिंत ब्रश पुसायला असते. मग एकदम ध्यानात आलं, तिच्या हाताची निशाणं आहेत की गावोगाव. तीच बघून येऊ.

एसटीनं हिंडलो. शाळेची भिंत पाडून नवी बांधली होती. वाशीला गेलो, हॉटेल होतं, भिंतीला पांढऱ्या टाइल. हॉटेलवाल्याच्या जागी त्याचा मुलगा. म्हणाला, "काय देऊ?" मी म्हणालो, "चहा." दुसरं काय मागणार? टँकर भंगारात गेलेला. एका गावी तर होडीच्या जागी खिडकी पाडलेली, तिच्यातून म्हैस बघत होती. जिथं जाईल तिथं लोक विचारायचे, "पेंटर, काम काढलं का?" त्यांना काय सांगू, की बायकोची सही शोधतोय.

शेवटी उरली बेंबळीची. व्यंकटआबांच्या बैठकीतली. जांभळ्या निशाणाची. आबा माझ्याच वयाचे, घरचे बरे, शेती मोठी. आधी धाराशिवला उतरलो, तिथून दुसरी गाडी धरली आणि बेंबळीला पोचलो, तर दारात रंगाचे डबे.

आबा खुर्चीवर बसले होते. "आरं भानू! बरा घावलास. नातवाचं लगीन हाय."

आतून त्यांची सून आली, सुनंदाबाई. "पेंटरकाका, तुमालाच बोलावणार होतो. ह्या शिनरीचं काय करायचं सांगा. कारागीर म्हणतो, वॉलपेपर लावू."

मी भिंतीकडं बघितलं. डोंगर उडाले होते, सूर्याला पोपडे आलेले, पाण्यात ओल. पण वर एवढंसं जांभळं निशाण होतं तसं. डावीकडं फडकत.

मी म्हणालो, "वॉलपेपर नगं. म्या नवी करून दितो. फुकट."

सुनंदाबाईंनी संशयानं बघितलं. पेंटर फुकट म्हणतो म्हणजे काहीतरी खोट आहे, हे कुणालाही वाटणार.

"बरं, करा. पण एक हाय काका. सोयरे कोकणातले हायत, रत्नागिरीकडचे. ईनबाई बघायला आल्या, तर ह्या होडीला बघून पदरात तोंड घालून हसल्या. म्हणल्या, तुमच्या होडीचं निशाण उलटं आहे हो. मला इतकं मेल्यावानी झालं! तेवढं निशाण पुसून नीट काढा. तसं होत नसंल तर मग वॉलपेपरच बरा."

बघा आता. जन्मभर कोकण माझ्या होडीवर हसतच राहिलं. तांडेल आजोबा झाले, आता विहीणबाई. आणि त्यांचं चूक काहीच नाही. निशाण उलटं ते उलटंच. पुसलं तर गिरजाची शेवटची सही माझ्या हातानं जाणार. नाही पुसलं तर वॉलपेपरवाला सगळी भिंत झाकणार. मी तिथंच पायरीवर बसलो. सुनंदाबाईंनी पाणी आणलं. आबा म्हणाले, "ऊन लागलं का रं?"

"न्हाय. इचार करतूय."

"तू? कवापासनं?"

तेवढ्यात मला गिरजा ऐकू आली. स्वप्नात वगैरे नाही, मला तसलं काही होत नाही. तिचं जुनं बोलणंच आठवलं, त्याच चिडक्या आवाजात. कागुद पलटी करून लावा की. त्यात काय बाबा?

दुसऱ्या दिवशी तेरहून खाका घेऊन परत आलो. उंदरांनी सूर्य आणि एक डोंगर खाल्ला होता, होडी ठेवली होती. निशाण आणि डोलकाठी सोडून जुनी होडी रंगाखाली बुजवली. 'सीधी बाजू' भिंतीकडं केली आणि कागद उलटा धरला. डोलकाठी जुन्या डोलकाठीवर बरोबर बसवली, निशाणाच्या खाली. पूड थापली, कागद काढला. होडीचं तोंड डावीकडं. वयाच्या ह्या टप्प्याला मला कळलं, की होडी फिरवायला कागद फिरवण्यापलीकडं काही लागत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी बायको मरावी लागली मला. इतका हुशार पेंटर तुमच्या जिल्ह्यात होऊन गेला, नोंद असू द्या.

पण काम तेवढ्यावर भागलं नाही. शीड डावीकडं फुगवलं, दोर त्या अंगाला घेतले. मग लक्षात आलं, नारळाच्या झावळ्या जुन्या वाऱ्यानं उजवीकडं वाकलेल्या आहेत. त्या फिरवल्या. झोपडीतून चुलीचा धूर उजवीकडं चाललेला, तो डावीकडं वळवला. पाण्याच्या लाटा फिरवल्या. एका वीतभर निशाणासाठी सगळी शिनरी फिरवली. ब्रश कडक झालेला, रेघा फुटत होत्या, त्यामुळं लाटा चांगल्या आल्या. निशाणावर ओला कागद चिकटवून ठेवला होता, शिंतोडा उडू नये म्हणून.

कागद काढला तेव्हा सुनंदाबाई म्हणाल्या, "काका, निशाण तेवढं जुनंच दिसतंय. फिकं पडलंय. त्याला रंग मारा की."

"मारायचा न्हाय. समुद्रावर निशान उन्हानं फिकंच पडतं."

"तुमी बघितलाय व्हय समुद्र?"

"न्हाय. पर निशान बघितलंय."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग भिंतीकडं. गिरजाला त्या ओळखत होत्या. ही भिंत पहिल्यांदा रंगवली तेव्हा नवी सून म्हणून त्यांनीच शिडी धरली होती. त्यांनी वॉलपेपरवाल्याला फोन लावून सांगितलं, येऊ नका म्हणून.

आबा काठी टेकत आले. भिंतीसमोर उभे राहिले. होडी सूर्याकडं पाठ करून, शीड भरून, झोपडीकडं निघालेली. चुलीचा धूर. वर जांभळं निशाण, आता अगदी सरळ.

"भानू," आबा म्हणाले, "लई वर्सं बघतूय म्या हिला. तिकडं चाललेली हुडी इकडं का वळली रं?"

मी ब्रश पुसत होतो.

म्हणालो, "जेवायची येळ झाली."